सतरा नंबरचा धान

सहाव्यांदा पब्लिश दाबलं
तोवर लाखांदुरातली लाईट टिकली होती, हेच नवल.

फगुनाबाई कापगते दुकानात स्टुलावर,
पायाशी पिशवी, पिशवीत एकोणीस तुमड्या,
प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या सुताची गाठ.
बचतगटाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडं आलं
कारण ते जुनं सॉफ्टवेअर
तालुक्यात फक्त माझ्याच कॉम्प्युटरात उरलंय.

फोटो तिच्या भाच्यानं मोबाइलवर काढलेले.
आयएमजी, मग तारीख, मग तास, मिनिट, सेकंद.
म्हणजे धान कधी पाहिला ते कळतं,
कोणता पाहिला ते नाही.
मी एकेका लोंबीला नाव देत बसलो, हौसेनं, मराठीत:
लुचई. हिरानक्की. गुरमटिया. काळी कमोद.
पलीकडं पोचली तेव्हा
टक्का ई शून्य, टक्का ए चार,
हिरानक्कीची नुसती टक्केवारी झाली होती.

मग इंग्रजी अक्षरांत.
कुठं एल मोठा पडला, कुठं लहान.
माझ्या मशीनला दोन्ही सारखेच,
घरचं माणूस कसं, कशीही हाक मारा, ओ देतं.
तिकडचा सर्व्हर मात्र तहसीलातला कारकून.
आधारवर एक अन् सातबाऱ्यावर एक? चालणार नाही.
लुचईच्या जागी रिकामी चौकट
आणि कोपऱ्यात फाटक्या कागदाचं चित्र.

शेवटी सॉफ्टवेअरच धावून आलं.
‘नावं आपोआप सोपी करू का?’
मी खूण केली.
इमेज एक, इमेज दोन, इमेज तीन,
सगळे फोटो दिसले. फगुनाबाईला चहा पाजला.

आठवड्यानं ती सफरी घेऊन आली.
मी ती मधेच बसवली, चौथ्या जागी.
सॉफ्टवेअरनं पहिल्यापासून मोजलं,
पंगतीत उशिरा आलेल्यासाठी सरकावं
तसे चारपासून पुढचे सगळे एकेक पाट सरकले.
लोकांच्या मोबाइलात मात्र जुने फोटो
जुन्याच नंबरावर मांडी घालून.

फगुनाबाईनं फोन हातभर लांब धरला.
“हे काळी कमोद नोहोय, बाबू.
काळीचा फोल काळा रायते. हे त पिवरं धम्मक.
तुह्या मशीनले दिसत नाही का?”

नाही दिसत.
मशीनला फक्त नाव दिसतं,
आणि नाव मीच पुसलं.

“कोनी हे पाहून बी मांगलं अन् म्या भलतंच देल्लं,
त रोवन्यापासून चार महिने समजत नाही.
निसवल्यावर समजते.
तवा शिव्या तुह्या मशीनले नाही देत कोनी.”

खूण काढली.
सगळी अक्षरं लहान, मधे जागा नाही, फक्त आडवी रेघ.
ती तुमडी उघडायची, दोन दाणे तळहातावर,
एक दाताखाली,
मग सांगायची. मग मी लिहायचो.
बाहेर बोडीवरचे बगळे गेले, डास आले.

सतराव्या तुमडीशी थांबली.
गाठ हिरवी, दुहेरी.
“हे पुस्तोड्यायच्या सुनेनं देल्लं होतं, बांधीवर.
नाव सांगतलं होतं तिनं.
पोरगं रडत होतं तिचं, मले ऐकू नाही आलं.”
आता विचारा की तिला.
“नागपूरले नेलं होतं दवाखान्यात.
मंग नाहीच आली.”

वास चांगला होता. म्हटलं, सुगंधी लिहू?
“आपल्या मनानं नोको ठेवू.
एकदा चिकटलं का सुटत नाही.”

तेवढ्या एका फोटोला मशीनचं नाव राहू दिलंय.
इमेज सतरा. खाली एक ओळ:
नाव ठाऊक असल्यास कळवावे.
त्याखाली तिचा नंबर.

आजवर दोन फोन आले.
एक लोनवाल्यांचा.
दुसरा साकोलीकडच्या कुण्या म्हाताऱ्याचा.
नातवानं त्याला फोटो मोठा करकरून दाखवला होता.
म्हणाला, मूठभर शिजवून पाठव, बाई.
फोटोले काय वास रायते?